सशास दाणा नको, गवत घाला

शेतकऱ्यांच्या मासिकांत सशाच्या आहाराचा विचार कशाला, असा प्रश्न पुष्कळ वाचकांच्या मनांत येईल, व तो अगदींच गैरवाजवी आहे असें म्हणतां येणार नाहीं. बैल, गाय, म्हैस, शेळी हीं शेतकऱ्याच्या संसाराचीं जनावरें. ससा हा मुलांचा खेळ. परंतु हा खेळ आतां शहरांतून खेड्यांत येऊन पोंचला आहे. बाजाराच्या दिवशीं जाळीच्या पेटींतून पांढरीं व ठिपकेदार पिलें विकावयास येतात. मुलांनीं हट्ट धरावा, बापानें जोडी घ्यावी, घरीं आणल्यावर आजीनें कौतुकानें भाकरी कुस्करून घालावी, मुलांनीं आपल्यांतलें बिस्किट द्यावें, कोणी मूठभर शेंगदाणे तर कोणी गुळाचा खडा पुढें करावा, आणि दीड-दोन महिन्यांनीं एके सकाळीं ससा पेटींत ताठ पडलेला दिसावा, हें इतकें नेहमींचें झालें आहे कीं, त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. ‘नाजूक जनावर, आपली हवा मानवली नाहीं,’ असें म्हणून त्यास परसांत पुरतात, आणि पुढच्या बाजारीं दुसरी जोडी येते.

ससा नाजूक आहे ही समजूत कितपत खरी, हें आधीं पाहूं. १८५९ सालीं ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत थॉमस ऑस्टिन नांवाच्या जमीनदारानें शिकारीच्या हौसेनें, इंग्लंडाहून आणविलेले सुमारें दोन डझन ससे आपल्या रानांत सोडले. पुढें त्यांच्या संततीनें त्या खंडाचीं कुरणें इतकीं फस्त केलीं कीं, सशांस अडविण्यासाठीं १९०१ ते १९०७ या काळांत पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारास तीन कुंपणें घालावीं लागलीं. तिहींची लांबी मिळून ३,२०० किलोमीटरांहून अधिक होती, आणि तरीही ससे पलीकडे गेलेच. जें जनावर रुक्ष मुलखांतील वाळक्या गवतावर एवढें माजलें, त्यानें आमच्या घरीं तूप-भाकरी खाऊन दोन महिने तग धरूं नये, याचें कारण त्याच्या नाजूकपणांत शोधून भागणार नाहीं. तेथें त्यास जें मिळालें तें आम्ही घालीत नाहीं, आणि आम्ही जें घालतों तें त्याच्या पोटास पेलत नाहीं. खरें कारण एवढेंच आहे.

म्हणून प्रस्तुत लेखकाचें स्पष्ट मत असें आहे कीं, पाळीव सशाच्या आहारांत दहांपैकीं आठ भागांहून अधिक भाग गवताचा असावा, राहिलेला बहुतेक भाग हिरव्या पाल्याचा असावा, आणि धान्य, पेंड, भाकरी, बिस्किट व गूळ हे पदार्थ मुळींच नसावेत. शहरांतील मनुष्यास हें पाळणें जड जातें, कारण त्यास गवत विकत आणावें लागतें. आपल्या तर दारांत गंजी उभी असते. ज्याच्या दारांत गंजी, त्याच्याच घरीं ससा गवताविना मरावा, ही गोष्ट शेतकऱ्यास शोभत नाहीं.

येथें एक खुलासा करणें जरूर आहे. आपल्या भाषेंत ‘ससा’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या जनावरांस लागतो. आपल्या माळरानांत, उसाच्या फडाकडेला उड्या मारीत पळणारा करड्या रंगाचा ससा हा अस्सल रानटी. त्याचीं पिलें अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच जन्मास येतात, आणि तो बिळें करून राहत नाहीं. बाजारांत मिळणारा पाळीव ससा मूळचा स्पेन व पोर्तुगाल या देशांकडील बिळांत राहणाऱ्या जातीचा. त्याचीं पिलें उघडीं-नागडीं व डोळे मिटलेलीं जन्मतात. रानांतील ससा धरणें किंवा पाळणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वयें गुन्हा आहे, हें प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें. कापणीच्या वेळीं बांधाशीं त्याचें पिलू सांपडलें तर तें अनाथ आहे असें समजून घरीं आणूं नये. आई दिवसां दूर राहते व तिन्हीसांजेच्या सुमारास दूध पाजण्यास येते. यापुढें जें लिहिलें आहे तें सर्व पाळीव सशाविषयीं आहे.

सशाचें पोट समजण्यास गाय आणि घोडा हीं दोन जनावरें डोळ्यांपुढें ठेवावीं. गाईनें गिळलेलें गवत प्रथम तिच्या मोठ्या पोटांत जातें. तेथें असंख्य सूक्ष्म जंतु तें आंबवितात, गाय तेंच पुन्हां तोंडांत आणून रवंथ करिते, आणि आंबलेल्या चाऱ्याचें सत्त्व पुढें आंतड्यांत शोषलें जातें. घोड्याची व सशाची रचना याच्या उलट आहे. त्यांचें जठर एकच व लहान असतें. खाल्लेलें अन्न आधीं जठरांतून व लहान आंतड्यांतून जातें, आणि तेथें जें पचत नाहीं तें लहान व मोठ्या आंतड्यांच्या सांध्यावर असलेल्या एका पिशवींत येऊन पडतें. तिला अंधनाल असें म्हणतात. सशाच्या पोटांत सर्वांत मोठा अवयव हाच. जठराच्या कित्येक पट मोठा. गाईच्या मोठ्या पोटांत जें आंबवण होतें तें सशाच्या या पिशवींत होतें.

परंतु यांत एक अडचण उत्पन्न होते. सत्त्व शोषणारें लहान आंतडें मागें राहिलेलें असतें, व जंतूंनीं तयार केलेलें बरेंचसें सत्त्व पुढें वाहून वायां जाण्याची पाळी येते. निसर्गानें यावर योजिलेला उपाय प्रथम ऐकणारास किळसवाणा वाटेल, पण तो मोठ्या शहाणपणाचा आहे. सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या असतात. एक प्रकार आपण पाहतों तो, वाटोळ्या, कोरड्या, वाटाण्याएवढ्या लेंड्यांचा. दुसरा प्रकार मऊ, काळसर, चकचकीत आणि द्राक्षाच्या घोसासारख्या एकमेकांस चिकटलेल्या लेंड्यांचा. हा बहुधा आपल्या दृष्टीस पडत नाहीं, कारण विश्रांतीच्या वेळीं ससा मान वळवून त्या थेट तोंडांत घेतो व गिळून टाकितो. या मऊ लेंड्यांत जंतूंनीं तयार केलेलीं प्रथिनें व जीवनसत्त्वें असतात. गाय आंबण्याच्या मध्यावर चारा पुन्हां तोंडांत आणते, ससा आंबवण संपल्यावर आणतो. हेतु दोघांचा एकच. तेव्हां ससा असें करितांना दिसल्यास मुलांनीं त्यास हटकूं नये, आणि वडिलांनींही तें रोगाचें लक्षण समजूं नये.

आतां गवताचें खरें काम काय तें पाहूं. सशाचें मोठें आंतडें सुपासारखें पाखडण्याचें काम करितें. गवताचे लांब, न पचणारे तंतु तें झपाट्यानें पुढें लोटतें व त्यांच्या कोरड्या लेंड्या होतात. बारीक, पचण्याजोगे कण मागें फिरवून पिशवींत परत धाडतें. लांब तंतूंपासून सशास पोषण फारसें मिळत नाहीं, पण आंतड्यांची हालचाल त्यांच्यामुळेंच चालू राहते. तंतु कमी पडले कीं आंतडीं मंदावतात. पिशवींतील माल पडून राहतो, वायु धरतो, पोट दुखतें. दुखतें म्हणून ससा खात नाहीं, आणि खात नाहीं म्हणून आंतडीं आणखी मंदावतात. हें चक्र सुरू झालें कीं एक-दोन दिवसांत जीव जातो. भर म्हणून हेंही सांगितलें पाहिजे कीं, घोड्याप्रमाणें सशासही ओकतां येत नाहीं. पोटांत गेलेलें वाईट अन्न बाहेर टाकण्याचा मार्ग त्यास नाहीं. घोड्यास बेहिशेबी दाणा घातला म्हणजे कसा पोटशूळ उठतो, हें ज्यांनीं घोडीं बाळगलीं त्यांस सांगावयास नको. ससा हा त्या बाबतींत मुठीएवढ्या पोटाचा घोडाच समजावा.

दाण्याचा अपाय दुहेरी आहे. एक तर दाण्यानें पोट भरतें व ससा गवताकडे ढुंकून पाहत नाहीं. दुसरें, दाण्यांतील व भाकरी-बिस्किटांतील पिठूळ व गोड अंश सर्वच्या सर्व वर पचत नाहीं. उरलेला पिशवींत उतरतो. तेथील उपकारक जंतु गवतावर पोसलेले असतात. पिठाचा लोंढा आला कीं त्यांचा तोल जातो, आणि एरवीं मूठभर असणारे विषारी जंतु बोकाळून ढाळ लागतात. लहान पिलांत हा प्रकार इतक्या वेगानें घडतो कीं, संध्याकाळीं खेळणारें पिलू सकाळीं मेलेलें आढळतें. रात्रीं साखळी तोडून धान्याच्या पोत्याशीं गेलेल्या म्हशीची दुसऱ्या दिवशीं काय दशा होते, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. तेंच येथें लहान प्रमाणावर होतें, आणि साखळी आपणच सोडलेली असते.

गवताचें तिसरें काम दांतांचें आहे. सशास एकंदर २८ दांत असतात आणि ते सर्व जन्मभर वाढतात. पुढचे दांत तर आठवड्यास दोन-तीन मिलिमीटर वाढतात. गवत आडवा जबडा फिरवून फार वेळ चावावें लागतें, त्यामुळें दांत वाढतात तसे झिजतात. भिजविलेली भाकरी व दाणे थोडक्यांत गिळले जातात. मग दाढांस अणकुच्या येऊन जीभ व गाल कापले जातात, तोंडांतून लाळ गळूं लागते आणि ससा भुकेला असूनही खात नाहीं. दुखणें तोंडाचें असलें तरी परिणाम पुन्हां पोटावरच येऊन पडतो.

यावर तीन आक्षेप नेहमीं ऐकूं येतात. त्यांचा परामर्श घेतला पाहिजे.

पहिला आक्षेप असा कीं, व्यापारी तत्त्वावर ससे पाळणारे लोक दाणेदार खुराक घालतात, त्यांचे ससे गलेलठ्ठ होतात. मग आमच्याच सशास तो कां बाधावा? याचें उत्तर हेतूंत आहे. मांसासाठीं वाढविलेला ससा साधारण तीन महिन्यांचा झाला कीं कापला जातो. त्याचें वजन लवकर भरावें एवढाच मालकाचा हिशेब. चवथ्या वर्षीं त्याच्या आंतड्यांचें काय होईल याची त्यास चिंता नसते. मुलांच्या ममतेचा ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षें जगतो. कापावयाचा बोकड आणि दहा वर्षें औतास जुंपावयाचा बैल यांची दावण आपण एक ठेवीत नाहीं. मग येथेंच ती एक कां असावी? शिवाय त्या धंद्यांतील जाणते लोकही खुराकांत तंतूंचें प्रमाण राखतात व जोडीस हिरवा चारा घालतात. सशांसाठीं मुद्दाम केलेलें गोळीखाद्य घरीं द्यावयाचेंच असेल तर दोन किलो वजनाच्या सशास दिवसाकांठीं पंचवीस-तीस ग्रॅमपेक्षां अधिक देऊं नये. कोंबड्यांचें खाद्य मात्र केव्हांही घालूं नये. त्यांत कोंबड्यांच्या रोगावरील जीं औषधें मिसळलेलीं असतात, त्यांपैकीं कांहीं सशास विषासमान आहेत.

दुसरा आक्षेप असा कीं, ससा गाजर खातो हें तर लहान मूलही सांगेल. सांगेल खरें, पण तें त्यास चित्रानें शिकविलें आहे. १९४० सालीं अमेरिकेंतील चलच्चित्रांत गाजर चघळणारा जो खट्याळ ससा अवतरला, त्यानें जगभरच्या मुलांच्या मनांत ही जोडी पक्की बसविण्यास मोठा हातभार लावला. वास्तविक गाजर हें गोड मूळ आहे. सशास तें आवडतें, जसा मुलांस पेढा आवडतो. आठवड्यांतून एक-दोन वेळां बोटभर तुकडा पुष्कळ झाला. गाजराचा पाला मात्र उत्तम खाद्य आहे, आणि तोच आपण उकिरड्यावर टाकितों. येथें नांवाच्या घोटाळ्यानें एक अनर्थ होण्याचा संभव असतो, म्हणून सांगतों. पडीत जमिनींत व बांधावर माजलेलें गाजरगवत हें गाजराचें कोणी नव्हे. तें माणसास व जनावरांस सारखेंच अपायकारक आहे. मुलांस पाला आणावयास धाडतांना एवढें बजावून धाडावें.

तिसरा आक्षेप असा कीं, अमक्याच्या घरचा ससा भात-भाकरीवर चार वर्षें जगला. जगला असेल. पण जे मेले त्यांची नोंद कोणी ठेविली आहे? एक वांचलेला मोजावयाचा आणि दहा पुरलेले विसरावयाचे, ही हिशेबाची रीत नव्हे. पीक पाहणींत शेतांतील एकच जोमदार कणीस धरून साऱ्या गांवाची आणेवारी ठरविली तर आपणच पहिले ओरड करूं.

आतां प्रत्यक्ष काय घालावें तें सांगतों. दसरा-दिवाळीच्या सुमारास फुलोऱ्यावर असतांना कापून नीट वाळविलेलें मारवेल किंवा पवन्या हें सशास पहिल्या प्रतीचें वैरण होय. कोंकणांतील वरकस जमिनींतलें चांगलें वाळलेलें गवतही चालेल. हरळी हिरवी असो वा वाळलेली, ससा ती आवडीनें खातो. कुसळी गवत बीं धरण्यापूर्वीं कापलेलेंच वापरावें. त्याचीं कुसळें मेंढ्यांच्या कातड्यांत शिरतात, मग सशाच्या तोंडांत व डोळ्यांत शिरण्यास किती वेळ? ज्वारीच्या कडब्याचीं वाळलेलीं पानें द्यावीं, धाटें कुरतडण्यास ठेवावीं. परंतु केवळ कडब्यावर किंवा केवळ भाताच्या पेंढ्यावर ससा ठेवूं नये, त्यांत सत्त्व फार थोडें. पाऊस ओढल्यानें खुंटलेली कोवळी ज्वारी जशी गुरांस बाधते तशीच सशासही बाधेल. भुसा अगर कुट्टी करून घातलेल्या चाऱ्यानें लांब तंतूंचें काम होत नाहीं, म्हणून गवत अखंड घालावें. अवकाळी पावसांत भिजून बुरसटलेली पेंढी तर दुरूनही दाखवूं नये.

लसूणघासाविषयीं विशेष इशारा देणें जरूर आहे, कारण ज्याच्या घरीं दुभतें आहे त्याच्या शेतांत घास असतोच, आणि ससा तो अधाशासारखा खातो. घासांत प्रथिनें पुष्कळ व कॅल्शियम म्हणजे चुन्याचा अंशही पुष्कळ. वाढत्या पिलांस व पाजणाऱ्या मादीस तो हितकर आहे. पुऱ्या वाढीच्या सशास तो रोज घातल्यास अपाय होतो. कारण इतर जनावरें अन्नांतील चुना गरजेपुरता शोषतात, ससा मात्र बहुतेक सगळा शोषतो व जादा झालेला मूत्रावाटे टाकितो. मूत्र खडूच्या पाण्यासारखें गढूळ येऊं लागतें व पुढें मूतखडा होतो. मोठ्या सशास घास चवीपुरता, आठवड्यांतून एखाद वेळीं, इतकाच असावा.

हिरवा पाला दोन किलोच्या सशास सकाळ-संध्याकाळ मिळून दोन-तीन मुठी पुरे. कोथिंबीर, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, पुदिना, थोडी मेथी असा पालटून द्यावा. पालक व कोबी कमी. कांदा, लसूण, बटाट्याचा व टोमॅटोचा पाला, तसेंच कण्हेर, धोत्रा, रुई, एरंड व घाणेरी यांपासून त्यास दूर ठेवावें. परंतु आजच्या काळीं याहून मोठें भय फवारणीचें आहे. ज्या बांधावर तणनाशक मारलें, ज्या भाजीवर दोन दिवसांपूर्वीं औषध फवारलें, तेथला पाला निष्काळजीपणें आणून घालणें म्हणजे हातानें विष चारणें होय. परसांत एक लहान वाफा केवळ पाल्यासाठीं राखून ठेवावा, हें सर्वांत उत्तम.

ऋतु बदलतो तेव्हां फार जपावें. मृगाच्या पावसानंतर उगवलेलें लुसलुशीत गवत एकदम खाऊन शेळ्या-मेंढ्यांस ढाळ लागतात, हें आपणांस ठाऊकच आहे. सशाच्या पिशवींतील जंतूंस नवा चारा ओळखीचा होण्यास आठ-दहा दिवस लागतात. म्हणून जुन्या वैरणींत नवें थोडें थोडें मिसळून बदल करावा. कापून ढिगांत ठेविलेलें हिरवें गवत आंतून गरम झालें असल्यास तें आंबूं लागलें आहे असें समजून टाकून द्यावें. गवताची लहानशी गव्हाण करून ती रात्रंदिवस भरलेली ठेवावी, कारण सशाचें जठर निरोगी स्थितींत कधींच रितें नसतें. पाणी जड, पसरट भांड्यांत ठेवावें. वजनाच्या दर किलोमागें सुमारें शंभर मिलिलिटर रोज लागतें, उन्हाळ्यांत अधिक. पाणी कमी पडलें कीं ससा गवत खाणें कमी करितो, आणि पुन्हां तेंच चक्र सुरू होतें.

पिलें विकत घेतांना वयाकडे पाहावें. बाजारांत मुठींत मावणारीं जीं पिलें दिसतात त्यांतील पुष्कळ तीन-चार आठवड्यांचीं, अजून आईच्या दुधाचीं असतात. दुधांत पिलाच्या पोटांतील अपायकारक जंतूंस आवर घालणारें एक द्रव्य असतें. तें एकाएकीं बंद झालें, आणि त्याच दिवशीं नव्या घरीं भाकरी पुढें आली, म्हणजे पिलाचें आयुष्य तेथेंच संपलें असें समजावें. निदान आठ आठवडे पुरे झाल्याखेरीज पिलू घेऊं नये. आपण लहान पिलें नाकारूं लागलों तर विकणाराही तीं आणणार नाहीं. एवढी सुधारणा तर गिऱ्हाइकाच्या हातांत आहे.

शेण पाहून बैलाचें दुखणें ओळखणारास सशाची परीक्षा कठीण नाहीं. रोज सकाळीं पेटी झाडतांना लेंड्या पाहाव्या. त्या मोठ्या, सारख्या आकाराच्या व फोडल्यावर आंत गवताचा भुसा दिसणाऱ्या असाव्या. लहान, काळ्या, वेड्यावांकड्या होऊं लागल्या तर गवत कमी पडत आहे. मऊ लेंड्या न खातां तशाच पडून शेपटीखालीं लडबडल्या तर खाणें फाजील पौष्टिक झालें आहे. पावसाळ्यांत अशा घाणीवर माशा अंडीं घालून किडे पडतात. बारा तासांत सशानें कांहींच खाल्लें नाहीं किंवा लेंडी टाकिली नाहीं, तर तें दुखणें उद्यांवर टाकण्यासारखें नव्हे. त्याच दिवशीं जनावरांच्या डॉक्टराकडे न्यावें. पोट नगाऱ्यासारखें ताणलें असल्यास तोंडांत बळेंच कांहीं कोंबूं नये. गुरांसाठीं आणून उरलेलें औषध तर मुळींच पाजूं नये. पेनिसिलिनच्या जातीचीं औषधें, उदाहरणार्थ अमॉक्सिसिलिन, तोंडावाटे दिल्यास पिशवींतील उपकारक जंतु मरून ससा दगावतो.

शेवटीं खर्चाचा विचार. दोन किलोचा ससा दिवसास अदमासें १०० ग्रॅम वाळलें गवत खातो; म्हणजे वर्षाचें साडेछत्तीस किलो, आणि तुडवून वायां घालवितो तें धरून पन्नास-साठ किलो. ज्या घरीं एक जोडी बैलांची आहे त्या घरीं एवढें गवत गव्हाणीखालीं सांडतें. बिस्किटांचा खर्च याहून जास्त होतो. तेव्हां अडचण पैशाची नाहीं, वैरणीचीही नाहीं. अडचण आहे ती आपल्या एका समजुतीची. गवत हें हलकें खाणें व दाणा हा मानाचा, अशी आपली जुनी समजूत आहे, आणि प्रेम दाखवावयाचें म्हणजे दाणा घालावयाचा असें आपण धरून चाललों आहों. औतास चालणाऱ्या बैलाविषयीं ती समजूत योग्य असेल. पेटींत बसून राहणाऱ्या सशाची मात्र तिच्यापायीं ससेहोलपट होते, आणि तीही त्याच्यावर माया करणाऱ्यांच्या हातून.

मुलें घरीं ससा आणतात तेव्हां, जनावर कसें सांभाळावें याचा पहिला धडा तीं शिकत असतात. उद्यां गाई-बैल त्यांच्याच हातीं जावयाचे आहेत. पहिलें जनावर दोन महिन्यांत मेलें आणि कोणीही कारण विचारलें नाहीं, तर मुकें जनावर मरावयाचेंच, हा धडा त्यांच्या मनावर ठसतो. त्याऐवजीं रोज सकाळीं मुलाच्या हातानें गव्हाण भरवावी, लेंड्या पाहावयास शिकवाव्या, आणि कोणत्या गवतानें काय होतें हें त्यास सांगावें. ज्यांस हें करणें जमणार नाहीं त्यांनीं बाजारांत मुलाचा हट्ट मोडावा. तें अधिक दयेचें होईल. ज्यांनीं ससा आणला आहे त्यांनीं आज संध्याकाळीं भाकरीचा तुकडा बाजूस ठेवावा, आणि गंजींतली एक पेंढी सोडून त्याच्यापुढें टाकावी, अशी सर्व वाचक बंधु-भगिनींस नम्र सूचना आहे.